पडत्या काळाची कीर्द

जयसिंगपूरला एका खतांच्या दुकानाचे हिशेब मी एकोणीस वर्षं लिहिते आहे. महिन्यातल्या एका शुक्रवारी कोल्हापूरहून पणजीची गाडी पकडायची, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-बांद्यावरून गोव्यात शिरायचं, दोन रात्री मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळायचं आणि रविवारी परत, हा चार वर्षांचा नेम. पत्ते आजीनं शिकवले. गौरी जागवताना पहाटेपर्यंत मेंढीकोट नाहीतर झब्बू चालायचा. आजी हरायला लागली की पत्ते आपटायची नाही, चहा टाकायला उठायची. त्या उठण्याचं मोल मला पंचेचाळिशीत कळलं.

२०२५ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत माझ्या सात फेऱ्या झाल्या. चौदा रात्री, साधारण ९० तास. त्यातल्या अकरा रात्री हरून उठले. टेबल १००-२०० चं. पत्ते वाटण्याआधी दोघांना सक्तीनं पैसे लावावे लागतात, त्यांना ब्लाइंड म्हणतात. इथं मोठा ब्लाइंड २०० रुपयांचा आणि बसताना समोर २०,०००, म्हणजे एक बाय-इन. सात महिन्यांत १,२४,००० गेले. पैशापेक्षा वाईट गोष्ट अशी, की ऑक्टोबरपर्यंत मला पक्कं वाटायला लागलं होतं, हा खेळ आपल्याला कधी येतच नव्हता. आधीची वर्षं नुसते पत्ते चांगले पडत होते. अशी शंका आली की करायचं काय, ते मी धडपडत शिकले. तेच इथं लिहिते.

आधी तास मोजा

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. पत्ते पिसायचे, वाटायचे, कुणीतरी पाच मिनिटं विचार करतो, कुणाची चिकन टिक्क्याची प्लेट येते. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. माझ्या एका रात्रीत १९५ डाव होतात. म्हणजे दहातल्या चार रात्री ती जोडी दिसतच नाही, आणि त्यात अन्याय काही नाही. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पत्ता लागणं साडेआठ वेळांत एकदा. एक्का-राजा हातात आला तरी तीनातल्या दोन वेळा फ्लॉप कोरडाच जातो.

आता मोठा हिशेब. समजा एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि तासाला सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावतो. १०० तासांत, म्हणजे ३,००० डावांत, त्याला ५०० ब्लाइंड मिळायला हवेत. पण या खेळात दर १०० डावांमागे चढउतार असतो साधारण ८५ ब्लाइंडचा. ३,००० डावांना तो तीसपट नाही, तीसच्या वर्गमुळाइतका वाढून सुमारे ४६५ होतो. म्हणजे असे सात चांगले खेळाडू १०० तास बसवले, तर त्यातला एक जण चांगला असूनही तोट्यात उठेल. मला १०० तास भरायला आठ महिने लागतात. आठ महिने हरणारा माणूस चांगला खेळाडू असू शकतो, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्यानंतर आमच्या टेबलांवर तरुण मुलं वाढली. फोनवर एका वेळी चार टेबलं खेळलेली, तासाला अडीचशे डावांची सवय. हिशेबात ती माझ्यापेक्षा पुढं आहेत, पण एका गोष्टीनं त्यांचं डोकं फिरतं: ऑनलाइनला जो पडता काळ दोन-तीन संध्याकाळींत संपायचा, तो इथं आख्खा पावसाळा खातो. डाव तेवढेच असतात, पण मध्ये दिवस, रात्री, एसटीचे प्रवास आणि घरचे चेहरे येतात. शंकेला वाढायला एवढी मोकळी जागा फोनवर मिळत नव्हती.

पण हाच हिशेब उलटाही लावून बघा. माझे ९० तासांत ६२० ब्लाइंड गेले होते. मी स्वतःला ज्या दर्जाची समजत होते, त्या दर्जाच्या खेळाडूचं निव्वळ नशिबानं एवढं जाणं शंभरात एखाद्या वेळीच होतं. तेव्हा नशिबाच्या खात्यावर सगळं टाकून मोकळं होणं मला जमेना. दुकानात तोटा आला आणि मालक म्हणाला ‘बाजारच वाईट आहे’, तर मी आधी माल मोजायला लावते. इथंही तेच केलं.

कीर्द लिहायची ती अशी

कीर्द म्हणजे रोजची नोंद, जसं घडलं तसं. खतावणी नंतर, खात्याप्रमाणे. पोकरवाले बहुतेक जण कीर्द न लिहिता थेट खतावणी करतात: ‘आज नशीब खराब’ नाहीतर ‘आज मी गाढव’. दोन्ही नोंदींना पावती नाही.

मी तळहाताएवढी वही नेते. टेबलावर चेष्टा होते. एकानं विचारलंही, “ताई, किराण्याची यादी का?” मोठा डाव झाला की पुढच्या डावात पत्ते टाकून लिहिते: माझी जागा, माझे पत्ते, कुणी किती लावले, आणि निर्णय घेताना मनात काय होतं ते एका ओळीत. डाव कुणी जिंकला ते मुद्दाम मागच्या पानावर. घरी वाचताना निकाल दिसता कामा नये. निकाल दिसला की डोकं त्याला शोभेल असं कारण लगेच शिवून देतं.

तीन डाव सांगते. यावरून वही कशी वाचायची ते कळेल.

जुलै. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची. फ्लॉपआधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये, पॉट ४०,००० चा. रिव्हरला चौकटचा राजा. टेबलभर हळहळ. अशा शंभर डावांत ८२ माझे. माझ्या वाट्याचे ३२,८०० होते, हाती शून्य आलं. ही रक्कम सरळ ‘नशीब’ खात्यावर नावे टाकायची आणि पान उलटायचं. यात शिकण्यासारखं काही नाही, तरी महिनाभर मी याच डावाची गोष्ट प्रत्येकाला ऐकवत होते.

ऑगस्ट, रात्रीचा दीड. हातात दोन बदाम, समोर चार पत्त्यांत दोन बदाम, पाचवं पडलं तर डाव माझा. पॉट ६,००० चा. समोरच्या पोरानं उरलेले ६,००० ही लावले. मी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. बदाम आलं नाही. तेव्हा मी हेही ‘नशीब’ म्हणून घरी आणलं. वहीत मात्र माझ्याच अक्षरात कारण होतं: ‘आज तरी पडेल’. आता मोजा. ६,००० देऊन १८,००० चा पॉट मिळणार, म्हणजे तीनात एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. पाचात एकदा. त्याच्याकडे पुढं लावायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा नंतर वसूल होईल हीही आशा नाही. तो कॉल करतानाच मी सुमारे २,५०० रुपये टेबलावर ठेवून आले होते. बदाम पडलं असतं तरी ते गेलेलेच होते.

आणि तिसरा, ऑक्टोबरचा. हा मी जिंकले. सगळ्यांनंतर खेळायच्या जागेवर होते, एक्का-राणी हातात. ६०० केले, मोठ्या ब्लाइंडवाल्या गृहस्थांनी कॉल केला. फ्लॉप राणी-सत्ती-तिर्री, तीन वेगळ्या रंगांचे. त्यांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढं सोडलं, मी ७०० लावले, कॉल. टर्नला दुर्री. चेक, मी १,५००, कॉल. रिव्हरला दुसरी सत्ती. त्यांनी पुन्हा चेक केलं आणि मीही चेक करून टाकलं. त्यांच्याकडे निघाली राणी-दश्शी. ५,७०० चा पॉट माझा. टेबलावर कुणाला काही वावगं वाटलं नाही, शेजारचे काका “छान खेळलात” म्हणाले. वहीत मात्र मी लिहिलं होतं: ‘सत्ती असेल. माझंच असं होतं.’

या पाच शब्दांवर मी जयसिंगपूरला स्वयंपाकघरात बसून बराच वेळ घालवला. त्या गृहस्थांकडे सत्ती, म्हणजे माझ्यावर भारी तीन सत्त्या, असू शकत होतीच, पण बारीक राणी, म्हणजे राणीसोबत एक्क्याहून लहान पत्ता, असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. २,५०० लावले असते तर राणी-दश्शीवाल्यांनी ते दिले असते. हा जिंकलेला डाव तोट्याच्या पानावर गेला. मग मागं जाऊन बघितलं, तर असे चेक सप्टेंबरपासून प्रत्येक रात्री दोन-तीन सापडले. हरणारा माणूस चिडून वेड्यासारखा खेळतो, त्याला टिल्ट म्हणतात, ते सगळ्यांना माहीत असतं. शंका आलेला माणूस असा चोरपावलांनी खेळतो, ते दिसत नाही. तो हरताना पूर्ण हरतो आणि जिंकताना अर्धं जिंकतो. बाहेरून शहाणा, संयमी दिसतो म्हणून त्याला कुणी टोकतही नाही.

डिसेंबरअखेर ताळा केला तो असा. ऑल-इन झालेल्या, म्हणजे समोरचे सगळे पैसे लागलेल्या डावांत माझ्या वाट्यापेक्षा कमी मिळालेले: ५८,०००. उघड चुकीचे कॉल आणि उगाच मारलेले ब्लफ: ३९,०००. उरलेले २७,००० किरकोळ पॉट, ब्लाइंड, रेक (पॉटमधला कॅसिनोचा हिस्सा), ज्याचं खातं नीट लावता येत नाही. त्या ३९,००० मधले ३१,००० रात्री एकनंतर गेले होते. म्हणजे ‘मला पोकर येत नाही’ ही शंका खोटी, आणि ‘माझं नशीब फुटकं’ ही तक्रार अर्धीच खरी. रात्री एकनंतर मला पोकर येत नाही, एवढं मात्र पुराव्यानिशी सिद्ध झालं.

एक काम एकट्यानं करू नका. पुण्यात माझ्यासारखाच खेळणारा एक मित्र आहे. त्याला मी डाव पाठवते तो निर्णयापर्यंतच. मी काय केलं आणि पुढं काय पडलं, ते लिहीत नाही. तो आपलं मत देतो, मग मी माझं सांगते. निकालासकट डाव सांगितला की ऐकणारा एकतर सांत्वन करतो नाहीतर अक्कल शिकवतो. बाईमाणूस हरताना दिसली की टेबलावरही शिकवणारे फार भेटतात. दोन रात्री आधी माझ्याकडूनच हरलेले गृहस्थ मला पत्ते कधी टाकावेत ते समजावत होते. मी मान डोलावते आणि ते कधी टाकतात ते लिहून घेते.

उठायचं कसं

बोटीवर घड्याळ शोधावं लागतं. जेवण आहे, दारू आहे, दिवे एकसारखे आहेत. तिथं बसून ‘आता उठते’ हे ठरवणं अवघड, म्हणून ते जयसिंगपूरला ठरवते. दोन बाय-इन गेले की रात्र संपली. तिसऱ्याचे पैसे बोटीवर नेतच नाही, एटीएम कार्ड लॉजवरच्या बॅगेत असतं.

वेळेसाठी मात्र माझ्या स्वतःच्या शब्दावर माझा भरवसा उरला नव्हता. म्हापशाला माझा मामेभाऊ असतो. तो गोवेकर, त्यामुळं नियमानं त्याला कॅसिनोत खेळायला जाता येत नाही, आणि त्याला पत्त्यांत रसही नाही. जानेवारीपासून तो रात्री एकला जेट्टीसमोर स्कूटर लावून उभा असतो. बोटीवरून छोट्या होडीनं यायला वेळ लागतो, म्हणून मला साडेबाराला चिप्स उचलाव्याच लागतात. ‘अजून एक फेरी’ असं मनाला सांगता येतं, डास चावत उभ्या असलेल्या भावाला नाही. तुम्हाला जेट्टीवर भाऊ नसेल तर परतीच्या गाडीचं तिकीट काढून ठेवा, एकाच खोलीत उतरलेल्या मित्राकडे किल्ली द्या, काहीही करा, पण उठण्याची दोरी टेबलाबाहेरच्या माणसाच्या हातात असू द्या.

वेळेआधी उठायच्या माझ्या खुणा मी ओळखून आहे. एक्का-छक्कीसारखे पत्ते मला बरे दिसायला लागतात. डीलर हळू वाटतो. समोरच्या चिप्स मोजताना किती आहेत यापेक्षा बरोबरी व्हायला किती हव्यात हा आकडा आधी डोक्यात येतो. शेवटची खूण सगळ्यात वाईट. ती आली की डाव सोडून वर डेकवर जाते, मांडवीवरच्या अटल सेतूवरची वाहनं बघत वीस मिनिटं उभी राहते. परत आल्यावर आकडा तसाच डोक्यात असेल तर होडी. मन शांत करायचे श्वासाचे प्रकारही मला सांगण्यात आले होते. मला ते टेबलावर जमले नाहीत. उभं राहणं जमतं.

पैसे आणि जागा

पोकरचे पैसे घराच्या आणि दुकानाच्या पैशांपासून वेगळे, वेगळ्या खात्यात. माझे ४,००,००० होते, म्हणजे २० बाय-इन. खरंतर तीसच्या खाली असणं घट्टच. नियम केला होता, की १५ बाय-इनच्या खाली, म्हणजे ३,००,००० च्या आत आलं की लहान टेबलावर उतरायचं. नोव्हेंबरात तो आकडा ओलांडला आणि मी उतरले नाही. लाज वाटली. ओळखीचे लोक बघतील, म्हणतील हिचं संपलं. त्या लाजेची किंमत पुढच्या तीन रात्रींत २४,००० झाली. लहान टेबलावर गेल्यावर कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

फेरीचा खर्चही त्याच वहीत लिहा. गाडी, लॉज, बोटीचा प्रवेश, डीलरची टीप धरून माझे सहा हजार होतात, म्हणजे ३० मोठे ब्लाइंड. दोन रात्रीत १३ तास खेळून चांगल्या काळात मी ६५ कमावणार, त्यातले ३० वाटेतच गेले. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर उपकर, आणि खर्च वजा होत नाही. हिशेबनीस असून हे सगळं एकत्र मांडायला मला चार वर्षं लागली. मांडल्यावर मी फेऱ्या कमी केल्या. काही जणांची शंका खेळाबद्दल नसतेच, गणित बसत नाही हे आतून जाणवत असतं.

आणि एक शंका अशी असते की तिच्याशी वाद घालू नये. डिसेंबरात बहिणीनं विचारलं, “किती गेले?” मी निम्मा आकडा सांगितला. चौदा रात्रींत त्या एका वाक्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटली. घरी खोटं बोलावं लागत असेल, उसने काढून खेळत असाल, हरलेले परत आणण्यासाठीच पुढची फेरी ठरत असेल, तर वही, तास, बाय-इन यातलं काही उपयोगाचं नाही. तिथं खेळ थांबवायचा आणि बोलायचं. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मी बहिणीला दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगितला. ती काही बोलली नाही, फक्त वही मागून घेतली आणि चष्मा लावून सगळी वाचली.

परत बसताना

जानेवारीची फेरी मी सोडली नाही, पण बदलली. लहान टेबल, एकच बाय-इन, एकच रात्र, चार तास. जिंकायचं-हरायचं ध्येय ठेवलं नाही. एकच काम स्वतःला दिलं: रिव्हरला आपला पत्ता वरचढ वाटत असेल तर पैसे लावायचे, भीती वाटली तरी. चार तासांत अशा सहा वेळा आल्या. पाच वेळा लावले. दोनदा समोरच्याकडे खरंच वरचढ निघालं, तिघांनी पैसे दिले. सहाव्या वेळी हात पुढं झाला आणि मागं आला. ते ओळीखाली रेघ मारून लिहून ठेवलं आहे.

त्या रात्री १,४०० हरले. साडेबाराला उठले, एकला भाऊ जेट्टीवर होता. जाताना मिरामारजवळ ऑम्लेट-पाव खाल्ला. परतीच्या वाटेवर सावंतवाडीला उतरून राजवाड्यात गंजिफा बघितल्या. हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा दशावताराचा जोड, १२० पत्त्यांचा, दहा रंग. एका रंगाची शक्यता काढायला मनातल्या मनात सुरुवात केली तेवढ्यात कोल्हापूरची गाडी आली.